आमची पाटी दोन नंबर

सांगू की नको, सांगू की नको, असं करत मी तीन महिने काढले. पण आता ती गोष्ट जालन्यात काचेच्या पेटीत लागली आहे, खाली चिठ्ठी चिकटवून. तेव्हा दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. चहा घ्या, गार होतोय. मध्येच हसू आलं तर खुशाल हसा. मलाही सुरुवातीला येतं. शेवटाकडं येत नाही.

आम्ही अंबडला राहतो. घरात मामा, आत्या, आमचे हे, मी आणि अडीच वर्षांची चिमी. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्याच म्हणतात. मामांचं चाळीस वर्षं गॅरेज होतं. अख्खा तालुका त्यांना मिस्त्री म्हणतो. आता गॅरेज बंद झालं, गाड्या गेल्या, पण पाट्या राहिल्या.

पाट्या म्हणजे नंबर प्लेटा हो! जुन्या गाड्यांच्या.

लोक नाणी जमवतात, पोस्टाची तिकिटं जमवतात. आमच्या बैठकीच्या भिंतीवर देव कमी आणि नंबर प्लेटा जास्त. लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या बाबांना वाटलं, ही माणसं आरटीओत आहेत.

त्यातही मामांना कुठलीही पाटी चालत नाही. बारका आकडा लागतो.

"नंबर जितका बारका, तितकी गाडी आधीची," मामा समजावून सांगतात. "चार आकडी पाटी म्हंजी गर्दीतला माणूस. तीन आकडी म्हंजी पाव्हणा. दोन आकडी म्हंजी सरपंच."

"आणि एक आकडी?"

"एक आकडी बघायला नशीब लागतंय बाई."

आणि किंमत कशी ठरवायची, तेही मामांनी मला शिकवलंय. "आधी आकडा बघायचा. मंग भोकं बघायची, मूळची हायेत का मागून पाडलेली. आन् सगळ्यात शेवटी रंग. रंगाला हात लागला का पाटी मेली."

हे शेवटचं वाक्य मी कमीत कमी पन्नास वेळा ऐकलं असेल. पण केव्हा? चिमीला वरणभात भरवताना! तुम्हीच सांगा, तोंड मिटून बसलेल्या पोरीला 'हा घास चिऊचा' करणाऱ्या बाईच्या कानात दुसरं काही शिरतं का?

भिंतीच्या मधोमध एक पाटी होती. काळी, पत्र्याची, वर बारीक उर्दू अक्षरांची एक ओळ, आणि खाली पांढऱ्या रंगात छत्रीच्या मुठीसारखं काहीतरी. निजामाच्या काळातली. बाकीच्या पाट्यांना मामा नंबरानं हाक मारायचे. "अडतीस जरा तिरकी झालीय", "एकशे अकरावर पाल बसलीय". या एका पाटीला मात्र नंबरानं हाक नसायची. ती 'आबांची पाटी'.

आबा म्हणजे मामांचे वडील. कुंभार पिंपळगावकडच्या एका देशमुखांच्या मोटारीवर ते ड्रायव्हर होते. त्या मोटारीच्या मागच्या बाजूची पाटी आबांनी स्वतः रंगवली होती. मामा पाच वर्षांचे असताना आबा गेले. त्यांचा एकही फोटो नाही. पुढं मोटार मोडीत निघाली तेव्हा देशमुखांनी पाटी काढून मामांच्या आईच्या हातात दिली, तेवढंच काय ते आबांचं घरात उरलं.

रोज सकाळी पूजा झाली की मामा त्या पाटीपाशी जायचे आणि उजवा अंगठा तिच्यावर टेकवायचे. मला वाटायचं, पाटी सरळ करतात.

तर झालं असं, की जालन्यात जुन्या गाड्यांचं आणि त्यांच्या सामानाचं एक प्रदर्शन भरणार होतं. ते मांडणार होते संभाजीनगरचे कादरी साहेब. पाट्यांच्या दुनियेत या माणसाचा शब्द म्हणजे शिक्का. ते खरी म्हणाले तर खरी, नाहीतर पत्रा. मामांनी त्यांना स्वतःहून फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा.

"साहेब, पाटी इकायची न्हाई. एक रुपाया नको. तुमच्या पेटीत लावा, आन् खाली चिठ्ठी लावा. रंगवणार, किसन ड्रायव्हर. बस, येवढंच."

कादरी साहेबांनी नंबर विचारला तर मामा हसले. "नंबर फोनवर सांगत न्हाईत साहेब. येऊन बघा." हा त्यांचा धंद्यातला जुना नियम. नंबर फोनवर फुटला की चार गावांत फुटतो.

रविवार ठरला. पण त्याआधी मामांना मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकायचं होतं. परभणीला माझ्या नणंदेच्या घराजवळ डॉक्टर होते. मी म्हटलं, "मामा, प्रदर्शन होऊ द्या, मग करू की. एवढी काय घाई?"

"न्हाई न्हाई. डोळा साफ करूनच घेतो. एक गोष्ट नीट बघायचीय मला."

मला वाटलं, चिमीचं तोंड.

निघताना मामा मला म्हणाले, "स्वाती, कादरी साहेब फोटोबिगर येत न्हाईत म्हणे, तर त्यांना एकट्यालाच पाटीचा फोटो पाठीव. आन् पाटी सांभाळ."

सांभाळ! आता या शब्दाचा अर्थ तुम्ही काय घ्याल? तुम्ही शहाणी माणसं, तुम्ही घ्याल 'हात लावू नको'. मी घेतला, 'नीटनेटकी ठेव'.

मी बीएस्सी आहे, रसायनशास्त्रातली. त्या पदवीचा मला आजवर एकच उपयोग झालाय. घरातली कुठकुठली वस्तू पोटात गेली तर चिमीला काय होईल, हे मला इतरांपेक्षा सविस्तर माहीत असतं. चिमीनं खडू खाल्ला तर लोक म्हणतात, खडू खाल्ला. मी म्हणते, कॅल्शियम ठीक आहे, पण त्यातला रंग?

फोटो काढायला मी पाटी भिंतीवरून उतरवली आणि उजेडात चटईवर ठेवली. मोबाइल आणायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर काय? चिमी पाटीवर पालथी पडून पाटी चाटतेय! मन लावून! मी रांधलेलं अन्न तिनं इतक्या प्रेमानं कधी चाटलेलं नाही.

"चिमे! थू कर! थू!"

"गोड नाही," चिमी म्हणाली.

जुन्या रंगात शिसं असतं. जुन्या पत्र्यावर गंज असतो. मी पोरीला काखेत मारलं आणि रिक्षानं दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तिची जीभ पाहिली, पोट दाबलं आणि मला म्हणाले, "हिला एक केळं द्या. आणि तुम्ही जरा झोपत जा." मागच्या महिन्यातही ते हेच म्हणाले होते. तेव्हा तिनं साबण चाटला होता.

घरी आले तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ही पाटी अशीच भिंतीवर गेली आणि उद्या पुन्हा हिच्या हाताला लागली तर? शिवाय रविवारी एवढा मोठा माणूस येणार आणि आपल्या पाटीवर ही धूळ? सुनेनं काय केलं म्हणतील!

मग सुनेनं केलं.

आधी कोरडं फडकं. मग ओलं फडकं. मग चिंच लावली तशी पत्र्याची कड चकाकायला लागली. मला असा हुरूप आला म्हणून सांगू! ती छत्रीची मूठ मात्र मी जपली हं. तिच्याभोवतीनं कापूस असा अलगद फिरवला, जसं काही चिमीच्या डोळ्यातलं काजळ पुसतेय.

एकच डाग निघेना. मुठीच्या उजव्या अंगाला, बरोबर मध्यावर, एक गोल ठिपका. पांढराच, पण वरून तेलकट, मळकट. रुपयाएवढा. मला लगेच उलगडा झाला. मामा रोज सकाळी इथंच तर अंगठा टेकवतात! गंधाचं बोट, तेलाचं बोट, वर्षानुवर्षं. त्याचाच हा थर!

साबणानं जाईना. चिंचेनं जाईना. असा चिवट डाग मी जन्मात पाहिला नव्हता. शेवटी कपाटाच्या तळातून नेलपॉलिश रिमूव्हर काढलं. लग्नातलं. चिमी झाल्यापासून मी नखांना रंग कुठला लावतेय!

एक कापसाचा बोळा, दुसरा, तिसरा. तिसऱ्याला ठिपका मऊ पडला. आणि खरं सांगते, तेव्हा मला त्यात रेषा दिसल्या होत्या. बारीक, गोल गोल, कांद्याच्या चकतीत असतात तशा. क्षणभर हात थांबलाही. किती सुंदर दिसतंय, असं मनात आलं.

आणि मग मी ते पुसलं.

काळाभोर, लखलखीत पत्रा! मी फोटो काढला, कादरी साहेबांना पाठवला आणि चिमीला केळं दिलं.

दहा मिनिटांत फोन.

"बेटी, फोटो मिला. ये मिस्त्री की ही पाटी है ना?"

"हो, मामांचीच."

"पक्का?"

"पक्का म्हणजे काय! माझ्या हातातच आहे."

मग कादरी साहेब बोलले तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. "बेटी, ये तो दो नंबर है."

"दोन नंबर?" मी किंचाळलेच.

"बिलकुल दो नंबर. चौबीस साल हो गए मेरे को. देखते ही समझ गया."

"मग... मग तुम्ही रविवारी नक्की येणार ना?"

"जरूर आऊँगा. अब तो आनाच पडेगा. मिस्त्री से रूबरू बात करनी है."

फोन ठेवला आणि मी चिमीला उचलून गरागरा फिरवलं. एक आकडी! जी बघायला नशीब लागतं ती एक आकडी पाटी आमच्या भिंतीवर! मामा नंबर का सांगत नव्हते ते आत्ता कळलं! तरी मी शिकलेली बाई. खात्री करून घेतली. मोबाइलवर उर्दू आकड्यांचा तक्ता काढला. एक म्हणजे नुसती उभी काठी. दोन म्हणजे छत्रीची मूठ. आहेच की दोन! झाली खात्री. तक्ता मी पुढं वाचला नाही. शून्य अगदी तळाला होतं.

पहिला फोन यांना. हे जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत आहेत.

"अहो, ऐकलं का? दोन नंबर!"

"पातळ का घट्ट?" यांनी विचारलं. बिचाऱ्यांना सवय झालीय.

"चिमी नाही हो! पाटी! आबांची पाटी दोन नंबर निघाली! कादरी साहेब स्वतः म्हणाले!"

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला. मग हलक्या आवाजात, "बरं. फोनवर जास्ती बोलू नको. रविवारी घरी आल्यावर बघू." मला वाटलं, वा! किती सावध माणूस! चोराचिलटांची काळजी करतोय.

दुसरा फोन आत्यांना, परभणीला. "आत्या, मामांना सांगू नका हं, त्यांना धक्का द्यायचाय. आपली पाटी दोन नंबर आहे!"

"अगं बाई!" आत्या म्हणाल्या. "मी कुणाला सांगते व्हय?"

आत्यांनी शब्द पाळला. मामांना त्यांनी काहीही सांगितलं नाही. बाकी परभणी, सेलू आणि मानवत इथल्या सर्व नातेवाइकांना सांगितलं.

मग मीही मोबाइलवर स्टेटस ठेवलं. 'अभिमानाचा क्षण! आमच्या मामांची पाटी दोन नंबर!' पुढं दोन फुलं.

आता यात मला काहीतरी खटकायला हवं होतं की नाही? शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "जाऊ दे स्वाती, मनाला लावून घेऊ नको. दोन नंबरची असली तरी तुमच्या घरचीच हाय ना." माझ्या भावाचा टेंभुर्णीहून फोन आला. "ताई, पोलीस आल्ते का?" मी म्हटलं, "अरे, एवढ्यात कशाला पोलीस! पण लागलाच तर ठेवू बंदोबस्त." तो म्हणाला, "तुझी कमाल आहे ताई." मी म्हटलं, "थँक्यू."

मी चक्क थँक्यू म्हटलं हो!

रविवार उजाडला. मामा आणि आत्या सकाळच्या गाडीनं आले. मामांच्या डोळ्यांवर तो काळा गॉगल. मी शिरा केला होता, काजू घालून. पाटी फुलांचा हार घालून मधोमध टांगली होती. मामा आले तसे पूजेलाही न जाता खुर्चीत बसले, कारण दारात कादरी साहेबांची गाडी वाजली.

उंच, पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा, काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी. आत आले. मी चहा पुढं केला.

"नको बेटी."

चहा नको? तुम्हाला माहितीय, आपल्याकडं दारात आलेला माणूस चहा नको म्हणाला की एक तर तो वसुलीला आलेला असतो, नाहीतर सोयरीक मोडायला. मी कप तसाच माघारी ट्रेत ठेवला.

कादरी साहेब उभ्या उभ्याच पाटीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मिस्त्री, चाळीस वर्षांचं नाव आहे तुमचं. लोक म्हणतात, मिस्त्री घासलेला बोल्ट नवा म्हणून विकणार नाही. आणि एका टिंबासाठी इमान विकलं?"

"काय इकलं?" मामांना कळेना. "कशाचं टिंब?"

कादरी साहेबांनी काखेतलं कापड सोडलं. आत एक पाटी. तशीच काळी, तशीच अक्षरांची ओळ, तशीच छत्रीची मूठ. "ही दोन नंबर. असली. पुढची-मागची, दोन्ही पाट्या अठरा वर्षांपासून माझ्याकडं आहेत. कागदासकट. मग दोन नंबरची तिसरी पाटी आली कुठून? आकड्याच्या उजव्या अंगाला टिंबाएवढी जागा घासलेली दिसते; तुमची पाटी वीस नंबर होती, मिस्त्री. सिफर पुसून दोन केलीय. हा खेळ मी लई पाह्यलाय. शून्य उडवायचं आणि भाव चढवायचा. म्हणूनच मी सुनबाईला बोललो, ये तो दो नंबर है. दो नंबर का माल!"

आत्यांच्या हातातली बशी तिथंच थांबली. हे माझ्याकडं बघायला लागले. मी हाराकडं बघायला लागले.

उर्दूत शून्य कसं लिहितात, माहितीय तुम्हाला? नुसतं टिंब देतात. एक गोल ठिपका.

"माझ्या पाटीवर शून्य हाय साहेब," मामा शांतपणे म्हणाले. "तुमच्या फोटोत आलं नसंल."

"कुठाय? दाखवा."

मामा उठले. गॉगलमुळं धड दिसत नव्हतं, पण त्यांना दिसायची गरजच नव्हती. चार पावलं चालून त्यांनी उजवा अंगठा बरोबर त्या जागी टेकवला. रोजच्यासारखा.

अंगठा घसरला.

त्यांनी पुन्हा टेकवला. जरा वर चाचपलं, जरा खाली. मग हार बाजूला सारला आणि गॉगल काढला. डॉक्टरांनी पंधरा दिवस काढायचा नाही म्हणून बजावलं होतं.

"मामा, डोळा!" माझ्या तोंडून एवढंच निघालं. बघा, तेव्हासुद्धा मला जंतूंचीच काळजी!

मामा वळून कादरी साहेबांना म्हणाले, "न्हाई साहेब. तुमचं बराबर हाय. शून्य न्हाई." आणि खाली मान घालून उभे राहिले. चाळीस वर्षांचं नाव असलेला माणूस!

"मी पुसलं," मी म्हटलं.

"काय?"

"मी. मला वाटलं डाग आहे. चिमीनं पाटी चाटली होती... शिसं असतं... पाहुणे येणार म्हणून... मला उर्दू येत नाही हो! नेलपॉलिश रिमूव्हरनं पुसलं."

"वो क्या होता?" कादरी साहेबांनी विचारलं.

"नखाचा रंग काढायचं पाणी," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका कोरडा मी कधी ऐकला नव्हता.

कादरी साहेबांनी पाटी उतरवली. खिशातून भिंग काढून ती जागा पाहिली. मग पाटी नाकाशी नेली. वास घेतला. पुन्हा घेतला.

"स्ट्रॉबेरी," ते म्हणाले. "चौबीस साल में पहिली बार पाटी से स्ट्रॉबेरी की खुशबू आयी."

आणि त्यांना हसू फुटलं. मोठ्यांदा, दाढी हलेपर्यंत. हे हसले. आत्यासुद्धा पदराआड हसल्या. कादरी साहेबांनी मामांचे दोन्ही हात धरले, "माफ करना मिस्त्री, मेरी गलती हुई," असं चार वेळा म्हणाले. आणि स्वतःहून चहा मागितला. मला वाटलं, चला, सुटले! नेहमीसारखा घोळ, नेहमीसारखं हसं, संपलं.

मामा हसले नव्हते. ते चटईवर बसले होते, पाटी मांडीवर घेऊन.

"आबाला लिव्हता येत न्हव्हतं," ते म्हणाले. कुणाला उद्देशून, कोण जाणे. "मालकानं कागदावर आकडा काढून दिल्ता, त्यो बघून बघून त्यानं दोन काढला. शून्य काढायचं राह्यलं आन् मालकानं हॉर्न वाजवला. घाई, घाई. मंग आबानं अंगठा रंगात बुडवला आन् टेकवला. आई सांगायची. म्हणायची, तुझ्या बापाची सही हाय ती. शाळंत न्हाई गेला, पर सही करून गेला."

कादरी साहेबांनी कप खाली ठेवला. "या अल्लाह. वो तो दस्तखत था."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. ऑपरेशन झालेला तो डोळा अजून लाल होता. रागावले असते ना, तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "स्वाती, त्यात रेषा दिसत होत्या का गं? अंगठ्याच्या? मला धा-बारा वर्षांपासून दिसत न्हव्हत्या. डोळा झाल्यावर नीट बघीन म्हणलं होतं."

म्हणजे ती 'एक गोष्ट' ही होती. चिमीचं तोंड नव्हे.

"दिसत होत्या मामा," मी म्हटलं. "गोल गोल. बारीक. मधोमध एक छोटा भोवरा होता."

"भोवरा होता?"

"हो."

"माझ्याबी हाय," मामा म्हणाले आणि स्वतःचा अंगठा उजेडात धरून बघत बसले.

आबांची सही शेवटची पाहिली ती मी. ज्यांनी आयुष्यभर जपली त्यांनी नाही, नखरंगाचा बोळा हातात असलेल्या सुनेनं. याच्यावर काय बोलणार तुम्ही? मी दुपारी मोरीत नळ मोठा सोडून रडून घेतलं, तर चिमी येऊन म्हणाली, "आई, थू कर."

संध्याकाळी मी मामांपाशी गेले. रसायनशास्त्र अजून अंगातून गेलं नव्हतं. म्हटलं, "मामा, तसाच पांढरा रंग मिळतो. तुमच्या अंगठ्यालाही भोवरा आहे. तुमचाच अंगठा टेकवून शून्य परत काढू या का? कुणाला कळायचंही नाही."

मामा त्या दिवशी पहिल्यांदा हसले. जरासेच.

"मंग ती खरंच दोन नंबर होईल ना बाई."

तर अशी गोष्ट. पाटी प्रदर्शनात लागली. कादरी साहेबांनी शब्द पाळला. पण आता पेच असा पडला, की पाटीवर दिसतो दोन आणि नंबर आहे वीस. बघणारा म्हणणार, मिस्त्रीनं फसवलं. तेव्हा चिठ्ठीत खुलासा हवाच, असं मामांनी बजावलं. परवा आम्ही सगळे जालन्याला जाऊन बघून आलो. काचेची पेटी, वरून दिवा, आणि खाली टाइप केलेल्या तीन ओळी.

'मोटारीची पाटी, क्रमांक वीस. रंगवणार : किसन ड्रायव्हर. शून्य पुसणार : सौ. स्वाती (नातसून).'

मामांनी काचेवर, बरोबर त्या जागी, अंगठा टेकवला. रखवालदार ओरडला, "ओ बाबा, काचेला हात लावू नका, डाग पडतात!" आणि खिशातून फडकं काढून त्यानं तो लगेच पुसला.

लग्नपत्रिकेनंतर माझं नाव छापून आलं ते एवढंच. आबा बिचारे अंगठेबहाद्दर, त्यांची सही गेली. आणि बीएस्सी झालेल्या बाईची मात्र, आणखी दोन महिने, काचेच्या पेटीत राहणार आहे.